ट्रेडिंग कार्डं टपालाने पाठवताना: स्लीव्हपासून पत्त्याच्या लेबलापर्यंत

टपालात ट्रेडिंग कार्ड, म्हणजे जमवायचं आणि अदलाबदल करायचं छापील कार्ड, खराब होतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक तर ते आवरणात सैल राहतं, वाटभर हलतं आणि त्याचे कोपरे आपटून आपटून पांढरे पडतात. नाहीतर ते हलू नये म्हणून इतकं आवळलेलं असतं की त्यावर दाबाचा वळ उमटतो. कार्ड जागचं हलायला नको आणि त्याच्यावर भारही यायला नको, एवढं साधलं की पॅकिंग जमलं.

नवखी माणसं आणखी एक गोष्ट विसरतात. पाकीट फोडणाऱ्याच्या हातात कात्री किंवा कटर असतो. वाटेत सुखरूप राहिलेलं कार्ड शेवटच्या मिनिटाला पात्याने कापलं जातं, कारण पाठवणाऱ्याने सगळीकडून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. म्हणून खालची प्रत्येक पायरी करताना उघडणाऱ्याचे हात डोळ्यांपुढे ठेवा.

आधी हे सामान जमवा

- पेनी स्लीव्ह: पॉलिप्रॉपिलीनच्या मऊ, पारदर्शक पिशव्या, साधारण 66 × 92 मिमी
- टॉपलोडर: कडक प्लॅस्टिकचं आवरण, नेहमीचा आकार 76 × 101 मिमी
- टीम बॅग: टॉपलोडर मावेल अशी, चिकट झाकणाची पातळ पिशवी
- पेंटर्स टेप: रंगारी वापरतात ती, सहज निघणारी कागदी टेप
- पन्हळी पुठ्ठा: जुन्या खोक्याचा चालतो, मात्र कोरडा आणि घडी न पडलेला हवा
- बबलचं पाकीट, आणि जड वस्तूंसाठी मजबूत खोकं
- रुंद पार्सल टेप, फक्त बाहेरच्या आवरणासाठी
- कात्री, मोजपट्टी, छोटा वजनकाटा

रबर बँड, स्टेपलर आणि वर्तमानपत्र कार्डांपासून लांब ठेवा. रबर बँड कडेत खाच पाडतो, स्टेपलरची पिन प्लॅस्टिक फोडून आत जाते आणि वर्तमानपत्राची शाई लागते.

1. कार्डाची जाडी बघा, मग टॉपलोडर निवडा

पोकेमॉन आणि मॅजिक या खेळांची कार्डं 63 × 88 मिमीची असतात, यू-गी-ओ या खेळाची थोडी लहान, 59 × 86 मिमी. खेळाडूंच्या कार्डांचा नेहमीचा आकार अडीच बाय साडेतीन इंच. लांबी-रुंदीत फारसा फरक नाही, फसगत होते ती जाडीत.

टॉपलोडरची जाडी पॉइंटमध्ये सांगतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सर्वांत जास्त खपणारा टॉपलोडर 35 पॉइंटचा, म्हणजे आत जवळपास 0.9 मिमी जागा. खेळायचं साधं कार्ड सुमारे 0.3 मिमी जाडीचं असतं, त्यामुळे ते स्लीव्हसकट यात व्यवस्थित बसतं. खेळाडूंची साधी कार्डं 20 पॉइंटच्या आसपास असतात, तीही यात जातात. पण जर्सीचा तुकडा बसवलेली किंवा जाड पुठ्ठ्यावर छापलेली कार्डं 75, 100, 130 किंवा त्याहून जास्त पॉइंटची असू शकतात. ती 35 च्या टॉपलोडरमध्ये रेटली की पृष्ठभाग खरवडतो आणि कडा दबतात.

मोजायचं साधन नसेल तर टेबलावर खेळाची साधी कार्डं एकावर एक रचा आणि तुमचं कार्ड शेजारी धरा. तीन कार्डांची चळत म्हणजे साधारण 35 पॉइंट. सहा-सात कार्डांइतकी जाडी भरली तर 75 किंवा 100 चा टॉपलोडर लागेल. उलट चूकही होते. पातळ कार्ड 130 च्या टॉपलोडरमध्ये ठेवलं तर ते आत खुळखुळत राहतं.

2. स्लीव्ह चढवणं

ही पायरी सगळ्यांत सोपी वाटते आणि घरच्या घरी सर्वांत जास्त कोपरे इथेच दुमडतात.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेल्या बोटांचे ठसे चकचकीत कार्डावर लगेच उठतात. स्लीव्ह एका हातात उभी धरा आणि तोंडाजवळच्या दोन्ही कडा अंगठ्याने व मधल्या बोटाने हलकेच आत दाबा. तोंड माशाच्या तोंडासारखं उघडेल. कार्ड कडांना धरून किंचित तिरकं करा, खालचा एक कोपरा आधी आत जाऊ द्या, मग दुसरा. दोन्ही कोपरे आत गेले की कार्ड सरळ करून सावकाश खाली सरकवा. मध्येच अडकलं तर जोर लावू नका. बाहेर काढा, स्लीव्हमध्ये हलकी फुंकर मारा आणि परत घाला. कार्ड तळाशी जावं म्हणून स्लीव्ह टेबलावर ठोकायची सवय असेल तर मोडा. त्या ठोक्याचा मार थेट खालच्या कोपऱ्यांना बसतो.

टॉपलोडर आहेच तर स्लीव्ह कशाला, असं पुष्कळांना वाटतं. टॉपलोडर कडक असतो आणि त्यात बारीक कचरा असू शकतो. उघडं कार्ड आत सरकवताना तो कचरा कार्डावर रेघ ओढतो. शिवाय बहुतेक टॉपलोडर पीव्हीसीचे असतात. कार्ड आणि पीव्हीसी यांच्यामध्ये पॉलिप्रॉपिलीनचा पडदा असलेला बरा. मऊ, लवचीक पीव्हीसीच्या जुन्या अल्बमची पानं तर मुळीच वापरू नका. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं.

एका स्लीव्हमध्ये एकच कार्ड. दोन घातली की ती एकमेकांवर घासतात. महागड्या कार्डाला आत घट्ट बसणारी आणि वर पेनी, अशा दोन स्लीव्ह देता येतात. तेव्हा आतलीचं तोंड खाली आणि बाहेरचीचं तोंड वर ठेवा.

3. टॉपलोडरमध्ये घाला आणि तोंड बंद करा

नव्या टॉपलोडरच्या कापलेल्या कडेला प्लॅस्टिकचे बारीक कण असतात, वापरलेल्यात धूळ असते. आधी तो उलटा धरून झटका.

स्लीव्हच्या मागच्या बाजूला, वरच्या कडेवर, पेंटर्स टेपचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा असा लावा की त्याचं टोक वर मोकळं राहील. टोक स्वतःवरच दुमडून टाका म्हणजे ते कशाला चिकटणार नाही. हे झालं ओढायचं शेपूट. घेणारा ते धरून कार्ड अलगद बाहेर काढेल. शेपूट नसेल तर तो टॉपलोडर उलटा करून आपटतो, नाहीतर चिमटा शोधतो.

कार्ड स्लीव्हसकट तळापर्यंत सरकवा. आता तोंड बंद करायचं. पेंटर्स टेपची पट्टी तोंडावरून अशी न्या की अर्धी पुढच्या बाजूला आणि अर्धी मागच्या बाजूला बसेल. एक टोक अर्धा सेंटिमीटर आत दुमडून ठेवा, म्हणजे नखाने पकडायला जागा राहते. तोंड उघडं सोडलं तर पहिल्याच धक्क्याला कार्ड वर सरकतं आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यांवर पाकिटाची कड आपटते.

इथे पारदर्शक चिकटपट्टी वापरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. उन्हात तापलेल्या गाडीत तिचा गोंद पातळ होतो, टॉपलोडरच्या आत ओघळतो आणि कधी कधी स्लीव्हपर्यंत पोचतो. तो नाही ओघळला तरी ती पट्टी हाताने निघत नाही. मग घेणारा पातं लावतो, तेही कार्डाच्या अगदी वरच्या कडेपाशी.

4. टीम बॅग

टॉपलोडर टीम बॅगमध्ये घालून झाकण चिकटवा. पावसाचा शिंतोडा आणि धूळ यांपासून थोडं संरक्षण मिळतं, आणि तोंडावरची टेप वाटेत सुटली तरी कार्ड पिशवीतच राहतं. पिशवीतली जादा हवा तळहाताने अलगद काढून टाका. टीम बॅग नसेल तर योग्य मापाची साधी झिप पिशवी चालते.

5. पुठ्ठ्याचं सँडविच

पॅकिंगचा खरा जोर इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा. टॉपलोडरपेक्षा चारही बाजूंनी किमान एक सेंटिमीटर मोठे, म्हणजे नेहमीच्या टॉपलोडरसाठी साधारण 100 × 125 मिमी. पार्सल पडतं तेव्हा ते पुष्कळदा कोपऱ्यावरच पडतं. तेव्हा चेपतो तो पुठ्ठ्याचा हा एक सेंटिमीटर, आतला टॉपलोडर वाचतो. टॉपलोडरच्याच मापाचे तुकडे कापले तर हा फायदा निघून जातो.

आता पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी बघा. पन्हळींच्या दिशेने पुठ्ठा पटकन दुमडतो, त्यांना आडवा वाकवायला गेलात तर जोर लावावा लागतो. हातात घेऊन दोन्हीकडून वाकवून पाहा, फरक लगेच कळतो. म्हणून एका तुकड्याच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. मग सँडविच कुठूनही सहज वाकत नाही.

टीम बॅगमधला टॉपलोडर एका तुकड्याच्या मधोमध ठेवा आणि पेंटर्स टेपच्या दोन पट्ट्यांनी पुठ्ठ्याला धरून ठेवा. हे वगळलं तर टॉपलोडर घसरत कडेला येतो आणि मोठा पुठ्ठा कापून काही मिळत नाही. वर दुसरा तुकडा ठेवून चारही बाजूंना टेपची एकेक छोटी पट्टी लावा. पुठ्ठ्याच्या कडा आत ओढल्या जाऊन मध्ये फुगवटा येत असेल तर टेप जास्त ताणलेली आहे. सोडवा आणि परत लावा.

तीन-चार कार्डं पाठवायची असतील तर टॉपलोडर शेजारी-शेजारी किंवा दोन-दोन एकावर एक ठेवा आणि त्या मापाचे पुठ्ठे कापा. कमी किमतीची दहा-पंधरा कार्डं असतील तर प्रत्येकाला वेगळी स्लीव्ह द्या, सगळी मिळून एका टीम बॅगेत घाला आणि त्या गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामा टॉपलोडर लावा. छान ताठ राहतं.

6. पाकीट निवडा

साध्या कागदी लिफाफ्यात टॉपलोडर घालून पेटीत टाकला की संकट आलंच. पत्रं वर्गीकरणाच्या यंत्रात पट्ट्यांमधून आणि रुळांवरून वळत जातात. कडक टॉपलोडर वळत नाही. तो अडकतो, लिफाफा फाटतो आणि कार्ड यंत्रातच राहतं. पाकीट तेवढं पोचतं, रिकामं. शिवाय न वाकणाऱ्या किंवा ठराविक जाडीपेक्षा जास्त पत्राला बऱ्याच टपाल सेवा वेगळा दर लावतात. जाडीची मर्यादा खिडकीवर विचारून घ्या.

अगदी स्वस्त कार्ड साध्या लिफाफ्यातूनच पाठवायचं असेल तर टॉपलोडर वगळा. स्लीव्हमधलं कार्ड पातळ पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घाला, ते घडी घातलेल्या कागदाच्या मध्यभागी टेपने चिकटवा आणि मग लिफाफ्यात ठेवा. एवढं थोडं वाकतं आणि रुळांवरून निघून जातं. हा मार्ग फक्त हरवलं तरी चालेल अशा कार्डासाठी. बाकी सगळं बबलच्या पाकिटातून आणि ट्रॅकिंग लावून.

बबलचं पाकीट सँडविचपेक्षा थोडंसंच मोठं हवं. आत सँडविच सरकत असेल तर पाकिटाचा रिकामा भाग मागे दुमडून पार्सल टेपने चिकटवा. पावसाळ्यात किंवा लांबच्या प्रवासाला पूर्ण सँडविच आधी झिप पिशवीत घाला. कागदी बाहेरचं पाकीट ओलं झालं की पुठ्ठा पाणी शोषतो आणि त्याचा ताठपणा जातो.

पत्ता पाकीट भरायच्या आधी लिहा किंवा चिकटवा. भरलेल्या पाकिटावर बॉलपेन दाबून लिहिलं तर आतल्या सेमी-रिजिड (टॉपलोडरपेक्षा मऊ, वाकणाऱ्या) आवरणावर ते अक्षर उमटू शकतं.

फॉइल कार्डांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्यांच्यात धातूसारखा थर आणि कागद एकमेकांना चिकटलेले असतात. कागद दमट हवेत ओलावा घेऊन फुगतो, फॉइल फुगत नाही, त्यामुळे कार्ड फॉइलच्या बाजूला वळतं. कोरड्या हवेत कागद आकसतो आणि कार्ड उलट बाजूला वळतं. वळलेलं कार्ड दाबून सपाट करायला जाऊ नका, पृष्ठभागाला तडा जातो. कोरड्या दिवशी पॅक करा आणि पिशवी नीट बंद करा. एका कार्डाच्या पाकिटात सिलिका जेलची पुडी घालायचा मोह आवरा. ती गुठळीसारखी दाबते, आणि कार्ड जास्त वाळलं तर ते उलटं वळतं.

7. ग्रेड केलेले स्लॅब आणि मॅग्नेटिक होल्डर

ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडून कार्डाची स्थिती तपासून दर्जा ठरवून घेणं, आणि असं कार्ड ज्या कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन येतं तो स्लॅब. स्लॅब कडक असला तरी आपटला की कोपऱ्याला चीर जाते, आणि चीर गेलेला स्लॅब विकताना त्रास होतो. स्लॅबला आधी त्याच्या मापाची पिशवी घाला, ओरखडे वाचतात. मग बबल रॅपचे किमान दोन वेढे आणि खोकं. नुसत्या बबलच्या पाकिटात स्लॅब घालू नका. दोन स्लॅब एकत्र असतील तर मध्ये पुठ्ठा हवाच, नाहीतर ते वाटभर एकमेकांवर आपटत राहतात. खोक्यात सगळ्या बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर कागदाचे बोळे किंवा फोम भरा. बंद करण्याआधी कानाशी धरून हलवा. आवाज आला तर भरण कमी आहे.

मॅग्नेटिक होल्डर, म्हणजे चुंबकाने बंद होणारं कडक आवरण, शोकेससाठी चांगला, प्रवासासाठी तितका नाही. जोराचा धक्का बसला की चुंबक सुटतं आणि होल्डर उघडतो. जमलं तर कार्ड टॉपलोडरमध्ये हलवा. होल्डरसकटच पाठवायचं असेल तर चुंबकाच्या बाजूवरून पेंटर्स टेपची पट्टी न्या आणि पुढे स्लॅबसारखंच पॅक करा.

कार्ड ग्रेडिंगला पाठवत असाल तर टॉपलोडर नको, सेमी-रिजिड होल्डर घ्या. पीएसएसारख्या ग्रेडिंग कंपन्या तेच मागतात, कारण त्यातून कार्ड कोपऱ्यांना धक्का न लागता काढता येतं. सेमी-रिजिड वाकतं, म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावल्याशिवाय ते पाकिटात घालायचं नाही.

8. शेकड्यांनी कार्डं असतील तर

स्लीव्ह नसलेल्या शंभर साध्या कार्डांची चळत सुमारे तीन सेंटिमीटर होते, आणि हजार कार्डांचं वजन पावणेदोन ते दोन किलोच्या घरात जातं. दर काढताना खोक्याचं आणि भरणाचं वजनही धरा.

कार्डांच्या लांबट खोक्यात ती कडेवर उभी ठेवा. रांग अर्धवट भरली असेल तर कार्डं कलंडतात आणि वाकूनच राहतात. उरलेली जागा फोमने किंवा कागदाच्या घट्ट बोळ्याने भरा. मात्र इतकंही ठासू नका की शेवटचं कार्ड काढताना नखाने खणावं लागेल. रांगेत एक बोट कसंबसं शिरलं की माप बरोबर. किमती कार्डं या गर्दीत मिसळू नका, त्यांना वेगळा टॉपलोडर द्या. हे खोकं तसंच पाठवू नका, दुसऱ्या मजबूत खोक्यात घाला. बाहेरच्या खोक्याच्या मधल्या फटीवर एक आणि दोन्ही कडांवर एकेक अशी पार्सल टेप लावा, वर आणि खाली दोन्हीकडे. तळ सुटतो तो जड पार्सलचाच.

सीलबंद बूस्टर बॉक्सला (कार्डांच्या न फोडलेल्या पाकिटांच्या खोक्याला) बाहेरच्या पातळ प्लॅस्टिकवर टेप किंवा लेबल लावायचं नाही, काढताना ते फाटतं. बबल रॅपची टेप बबल रॅपलाच चिकटली पाहिजे.

9. पत्ता, फोटो, पावती

बंद करण्यापूर्वी कार्डाची पुढची बाजू, मागची बाजू आणि चार कोपरे यांचे फोटो काढा. उजेड बाजूने तिरका पडू द्या, समोरून पडला तर ओरखडे दिसत नाहीत. नंतर सँडविचचा आणि शेवटी लेबल लावलेल्या पाकिटाचा फोटो. दोन्ही पत्ते लिहिलेली चिठ्ठी आतही ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सलला परत येण्याचा तेवढाच आधार असतो.

बाहेरच्या बाजूला कार्डाचं नाव किंवा किंमत लिहू नका. ट्रॅकिंगची पावती पार्सल पोचून दोन्हीकडून होकार येईपर्यंत जपा.

परदेशी पाठवताना कस्टमचा फॉर्म लागतो. टपालाच्या लहान पाकिटाची वजनमर्यादा 2 किलो आहे. 300 एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किमतीला सीएन22 हा फॉर्म आणि त्याहून जास्त किमतीला सीएन23 भरतात. वर्णनात नुसतं 'कार्ड' लिहू नका, 'संग्रहासाठी छापील ट्रेडिंग कार्डं' असं स्पष्ट लिहा आणि नग सांगा. कर वाचवायला किंमत कमी दाखवली, तर पार्सल हरवल्यावर भरपाईही त्या कमी आकड्याचीच मिळते, शिवाय खोट्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर येते.

10. आधी एका साध्या कार्डावर करून बघा

पहिलं महागडं पार्सल देण्याआधी एक बिनकिमतीचं कार्ड याच पद्धतीने पूर्ण पॅक करा. कमरेच्या उंचीवरून त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा पाडा. मग कात्री न वापरता उघडायचा प्रयत्न करा. कोपरे भिंगाखाली बघा, कार्ड आत किती सरकलंय ते बघा. टेपचं टोक सापडलं नाही तर ते दुमडायचं राहिलं आहे. टॉपलोडर पुठ्ठ्याच्या कडेला आला असेल तर पाचव्या पायरीतल्या त्या दोन पट्ट्या लावायच्या राहिल्या आहेत.

घेणाऱ्यासाठी आत एक चिठ्ठी ठेवा: कुठल्या बाजूने उघडायचं, आणि शेपूट ओढून कार्ड काढायचं. त्यातच लिहा की पाकीट दबलेलं किंवा ओलं आलं तर उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि पुठ्ठा, पाकीट, लेबल काहीही फेकू नका. भरपाई मागताना आवरणही बघितलं जातं. थंड गाडीतून आलेलं पार्सल तासभर खोलीत राहू द्या, मगच फोडा, म्हणजे टॉपलोडरवर दव धरत नाही.